लाल रिळाबद्दल पेपरात न आलेलं वाक्य

पेपरात लिहिणारे एक गृहस्थ आमच्या दुकानात कोट शिवायला टाकायचे, म्हणून मी त्यांना पुढून आणि मागून दोन्हीकडून ओळखते. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता होता. आमचे यजमान तिथे कापसाची पातळ गादी घालून तो सरळ करून देत. त्यांच्या वडिलांचे कोट माझ्या सासऱ्यांनी शिवलेले. घरात मराठी, बाहेर कन्नड आणि लिहायला इंग्रजी असं ते बसवनगुडीतलं जुनं घराणं. आमच्या गल्लीत त्यांना सगळे पेपरअण्णा म्हणायचे. वय काही फार नव्हतं, पण ज्याचा फोटो पेपरात येतो त्याला अण्णा म्हणावंच लागतं.

गल्ली बेंगळूरच्या शिवाजीनगरात, बाजाराच्या मागच्या अंगाला. आमचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर कपडे शिवायला इकडे आले म्हणतात. फौज परत गेली, शिंपी राहिले. पुढे गोऱ्या साहेबांची पलटण आली, तिचेही कपडे आम्हीच शिवले. तीही गेली. मी सांगते ते त्यानंतरचं, एकोणीसशे पन्नास-साठच्या सुमाराचं. तेव्हा गल्लीचं पोट एका कॉन्व्हेंट शाळेवर चालायचं. जूनमध्ये शाळा उघडायची, त्याआधी सगळ्या मुलींचे युनिफॉर्म शिवून द्यायचे. कटिंग आमच्या दुकानात, शिलाई गल्लीतल्या घराघरात, काज-बटणं बायकांकडे. ते एक काम गेलं असतं तर निम्मी मशीनं विकावी लागली असती. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणी बोलून दाखवत नसे.

माझं शिक्षण कन्नड शाळेत चौथीपर्यंत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी शिकवली. माझी बोटं काजाच्या कामाला जाड, टाका ओढला की कापड गोळा व्हायचं. म्हणून दुपारी कट्ट्यावर बायका काज करत बसल्या की मी पेपर वाचायचा, असं ठरून गेलं. कन्नड पेपर वाचायचा आणि मराठीत सांगायचा. पेपरअण्णांचा लेख रविवारी इंग्रजीत यायचा आणि कन्नडातही. तो आम्ही सोडत नसू. मुलींना शिकवा, जातीपातीचं खूळ सोडा, मंत्र्याला प्रश्न विचारा, गरिबाचं ऐका. चांगलं लिहायचे, खोटं कशाला बोलू. वर्तमानपत्र कोणाला घाबरू लागलं की देश मुका होतो, असं ते वर्षातून दोनदा तरी लिहायचे.

त्याच पेपराच्या मागच्या पानावर दर रविवारी शिलाईच्या धाग्याच्या एका कंपनीची जाहिरात असायची. पूर्ण पान. त्याच मालकाची कापडगिरणी होती आणि साबणाचा कारखानाही. चित्रात एक बाई मशीनवर बसून हसत असायची. मशीनवर बसलेली बाई हसताना मी अजून पाहिलेली नाही. तिच्या हातात लाल रीळ आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘पक्का रंग’. आम्ही पुढचं पान वाचायचो, मागच्या पानात तयार कपडे बांधून गिऱ्हाइकाला द्यायचो. दोन्हींचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आमच्याकडे रंगीत रीळ आलं की ते तसंच मशीनवर चढवायचं नाही. धाग्याची लड काढायची, मीठ घातलेल्या गरम पाण्यात बुडवायची, सावलीत वाळवायची, मग पुन्हा गुंडाळायची. रिळावर काही का छापलेलं असेना. पण वर्षातला एक दिवस वेगळा. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या भाषेत आयुधपूजेला, मशीनं धुऊनपुसून, तेल घालून पूजेला लावायची. कात्र्या, टेप, सुया, रिळं, सगळं पाटावर. कुंकू, झेंडू, कोहळा, चुरमुरे. त्या दिवशी टाका घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नव्या वर्षाच्या कामाचा पहिला टाका पूजेतल्याच धाग्याने घालायचा. आणि पूजेतला धागा पाण्यात बुडवायचा नाही. कुंकू लागलेली वस्तू धुतली तर बरकत धुतली जाते, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या आणि त्यांच्या सासूबाईही म्हणत असतील. एरवी पूजेला पांढरी आणि काळी रिळं ठेवायचो, त्यामुळे या नियमाने कधी कोणाचं वाकडं झालं नव्हतं.

त्या वर्षी कंपनीचा एजंट नवमीच्या आधी गल्लीत आला. दारोदार फिरला आणि प्रत्येक दुकानात लाल रिळांचा एकेक डबा फुकट दिला. ‘पूजेसाठी कंपनीकडून.’ बरोबर देवीचं कॅलेंडर, देवीच्या पायाशी कंपनीचं नाव. सगळ्यांनी डबे पाटावर ठेवले. त्याच सुमाराला शाळेच्या डिसेंबरच्या समारंभाचं काम आलं होतं. ड्रिलच्या मुलींसाठी पांढरे फ्रॉक, कॉलरवर आणि घेरावर लाल धाग्याची दुहेरी शिलाई, खिशावर लाल धाग्यात भरलेली शाळेची अक्षरं. नव्या वर्षाचं पहिलं काम, त्यात लाल धागा हवा, आणि पूजेत लाल धाग्याचे डबेच्या डबे. सगळ्यांना वाटलं, देवीनेच जुळवून आणलं.

फ्रॉक सुरेख झाले. मुलींनी ड्रिलच्या सरावाला घातले, घाम आला, धोब्याकडे गेले, भट्टीत उकळले. परत आले तेव्हा कॉलरी गुलाबी, खिसे गुलाबी, घेरावरून ओघळ. मदरने, म्हणजे शाळेच्या मुख्य ननने, सगळे फ्रॉक गाठोड्यात बांधून परत पाठवले. बरोबर निरोप, की समारंभापर्यंत काय करायचं ते करा, जूनच्या कामाचं नंतर बघू.

यजमान एजंटाकडे गेले. एजंट म्हणाला, लाल रंग आहे, धुऊन घ्यायला नको का? यजमान म्हणाले, पक्का रंग छापलंय ना? एजंट म्हणाला, छापलंय, पण तुम्ही शिंपी लोक, तुम्हाला कळायला हवं. यजमान मुकाट्याने घरी आले. त्यांना वाद घालता येत नसे. कापड कापायला शिकलेला माणूस तोंडाने तुकडे पाडत नाही, असं ते स्वतःच म्हणायचे, आणि मी म्हणायचे, म्हणून तर लोक तुम्हाला गुंडाळतात.

पुढच्या रविवारी मी कट्ट्यावर पेपर उघडला, तर पेपरअण्णांचा लेख आमच्यावर. नाव नव्हतं. ‘आपल्याच शहरातल्या शिंप्यांची एक गल्ली’ एवढंच. कोटाच्या मापाला ते आले होते तेव्हा यजमानांनी भोळेपणाने सगळं सांगितलं होतं, पूजा, कुंकू, पहिला टाका. ते सगळं लेखात होतं. अंधश्रद्धेने कारागिराचे हात कसे बांधले जातात, कुंकवाला भिऊन धागा धुतला नाही आणि निष्पाप मुलींचे कपडे कसे नासले, विज्ञानाची दृष्टी खालपर्यंत पोचायला हवी. लेख मोठा होता. त्यात देवी होती, कोहळा होता, सासूबाईंचा नियम होता. रिळावर काय छापलं होतं तेही यजमानांनी सांगितलं होतं, ते नव्हतं. डबे कोणी दिले तेही नव्हतं. मी पान उलटलं. मागे ती बाई हसत होती.

बायकांनी विचारलं, वाचत का नाहीस? मी वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. एकजण म्हणाली, खोटं काय आहे त्यात? धुतला नाही हे खरंच आहे. मी म्हटलं, खरं आहे, अर्धं. मदर इंग्रजी पेपर घेते, तिला एवढंच खरं कळणार.

तसंच झालं. पालकांनी मदरला कात्रणं दाखवली. असल्या अडाणी लोकांकडून आमच्या मुलींचे कपडे का शिवून घेता, म्हणाले. जूनचं काम दुसऱ्या कोणाला देण्याचं बोलणं सुरू झालं.

यजमान जायला तयार नव्हते, म्हणून मी गेले. बसने बसवनगुडीला. पेपरअण्णांच्या बायकोने कॉफी दिली, बसा म्हणाली. ते बाहेर आले, अक्का तुम्ही कशा इकडे, म्हणाले. माणूस उर्मट नव्हता. उर्मट असता तर सोपं झालं असतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हनुवटीखाली हात ठेवून, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, “अक्का, मी तुमचं नाव कुठे घातलंय?”

“घालायची गरजच नव्हती. कॉन्व्हेंटचे फ्रॉक कोण शिवतं ते मदरला ठाऊक आहे.”

“पण कंपनीचंही नाव मी घातलेलं नाही. मी माणसांवर लिहीत नाही, प्रवृत्तीवर लिहितो.”

मी म्हटलं, प्रवृत्ती आमची एकट्याची कशी? धागा पाणी न लावता वापरला ही आमची चूक, ती तुम्ही लिहिलीत, ठीक केलंत. कच्च्या रंगावर पक्का छापला ही कोणाची प्रवृत्ती? एक वाक्य घाला पुढच्या रविवारी. रिळावर पक्का रंग असं छापलं होतं. बस एवढंच. तेही खरंच आहे.

त्यांनी चष्मा काढला, पुसला. मग जे सांगितलं ते अगदी मोकळेपणाने सांगितलं, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. पेपर वाचणाऱ्यांच्या पैशावर चालत नाही, म्हणाले. कागद, शाई, पगार, सगळं जाहिरातीवर. मागचं पान गेलं तर पुढच्या पानावर स्वातंत्र्याबद्दल लिहायलाही जागा उरणार नाही. तुमचं वाक्य संपादक काढून टाकतील.

मी विचारलं, “लिहून बघितलंत?”

ते पुन्हा चष्मा पुसू लागले. त्यांची बायको माझा रिकामा पेला उचलायला आली होती, ती थांबली आणि त्यांच्याकडे बघू लागली.

तिथे मला कळायचं ते कळलं. इतके दिवस मला वाटायचं, कंपनीचा मालक फोन करत असेल, दम देत असेल, बिचाऱ्या लिहिणाऱ्याचा हात धरत असेल. कोणी काही केलं नव्हतं. त्याची गरजच पडत नव्हती. संपादकाने काढण्याआधी ह्यांनीच ते वाक्य डोक्यातल्या डोक्यात काढलं होतं, आणि वर ह्यांना आपण फार धीट आहोत असंच वाटत होतं. दिल्लीतल्या मंत्र्यावर लिहितात, आफ्रिकेतल्या गोऱ्यांवर लिहितात. पाठीमागच्या पानावर लिहीत नाहीत. आणि ज्याच्याकडे छापखाना नाही, वकील नाही, त्या गल्लीवर अगदी बिनधास्त लिहितात.

जाताना ते दारापर्यंत आले. पुढे हातकारागिरांच्या हलाखीवर एक लेख करतो, म्हणाले, श्रमाच्या प्रतिष्ठेवर.

मी म्हटलं, “नको अण्णा. त्यातही धागा नसणार.”

घरी आले तेव्हा यजमान कोणाची तरी पँट पेपरात बांधत होते. मी बघत उभी राहिले. रोज किती घरांत आमच्या हातून पेपराचं पान जातं, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. पेपरवाला पहाटे दारात टाकतो, आम्ही संध्याकाळी हातात देतो. मग आमचंही काहीतरी त्यात घालून का देऊ नये?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नपत्रिका छापणाऱ्या भाईंचा छोटा छापखाना होता. मी रात्रीचं जेवण उरकायच्या आत मजकूर कन्नडात लिहून काढला, पाच ओळींचा. ह्या कंपनीच्या लाल रिळावर पक्का रंग छापलं आहे, पण रंग जातो. आमच्या कामात गेला. पूजेतला धागा म्हणून आम्ही तो आधी धुतला नाही, ही आमची चूक. ह्या धाग्याचे आमच्याकडचे कोणतेही कपडे आणून द्या, उसवून पुन्हा शिवून देऊ. खाली गल्लीचं नाव. कंपनीचं नाव आम्ही कागदावर ठळक घातलं होतं. इथे देत नाही, ती आता उरलेली नाही.

यजमानांना ‘ही आमची चूक’ हे वाक्य नको होतं. आपणच आपल्या तोंडाने कशाला, म्हणाले. बाकीच्यांचंही तेच. मी म्हटलं, ते वाक्य काढलंत तर मी पण पेपरअण्णाच झाले. आपलं अर्धं गाळायचं असेल तर त्यांच्या अर्ध्यावर ओरडायचं कशाला? शेवटी वाक्य राहिलं. भाईंनी विचारलं, अक्का, केस झाली तर? मी म्हटलं, केस झाली तर कोर्टात रीळ धुऊन दाखवू. भाई हसले आणि म्हणाले, तर मग उर्दूत आणि तमिळमध्येही छापतो, माझेही शिंपी गिऱ्हाईक आहेत. अशा तऱ्हेने आमची गल्ली, मशिदीमागचे शिंपी आणि तमिळ शिंपी, सगळ्यांच्या पुड्यांतून तो कागद जाऊ लागला. वर कालच्या पेपराचं पान, आत आमचं.

इकडे बायकांनी फ्रॉक घेतले. लाल टाके सगळे उसवले, कापड ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात टाकलं, उन्हात घातलं, गुलाबी गेलं. मग दुसरा लाल धागा आणला, लड काढून उकळला, पाणी निवळ येईपर्यंत उकळला, आणि अक्षरं पुन्हा भरली. माझी जाड बोटं उसवायला फार चांगली आहेत, हे सगळ्यांनी कबूल केलं.

एजंट आला तो हातात पांढऱ्या रिळांचा मोठा डबा घेऊन. अक्का, स्वल्प रंग गेला म्हणून एवढं करायचं का, म्हणाला. डबा कोणी घेतला नाही. मग त्याने दुसरं काढलं. कंपनी जाहिरातीत तुमच्या दुकानाचं नाव छापेल, म्हणाला, ‘बेंगळूरचे नामवंत शिंपी आमचाच धागा वापरतात’. मागच्या पानावर, त्या बाईच्या खाली. यजमानांचा चेहरा मी पाहिला, उजळला होता. माणसाचं नाव जन्मात पेपरात आलेलं नसलं की असं होतं. चहा होईपर्यंत ते टेप बोटाभोवती गुंडाळत बसले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मुद्दाम चहा लांबवला नाही. चहा पुढे ठेवल्यावर यजमान म्हणाले, “आमचं नाव छापायचं तर आम्ही जो कागद छापलाय तो पूर्ण छापा. पाचही ओळी.” एजंटाने चहा अर्धा सोडला. यजमानांना वाद घालता येत नाही असं मी त्यानंतर म्हटलेलं नाही.

पेपरअण्णांचा कोट तयार होता. त्यांनी तो न्यायला कोणाला पाठवलं नाही, स्वतः आले, तेवढं मानलं पाहिजे. गादी नेहमीसारखी घातली होती, शिलाई नेहमीसारखी. ज्याच्यावर राग आहे त्याचा कोट वाईट शिवायचा, असला धंदा आमच्याकडे नव्हता. कोट बांधून दिला, आत कागद घालून. त्यांनी पुडा तिथेच सोडला, कागद काढला आणि उभ्याउभ्या वाचला. म्हणाले, “स्पष्ट लिहिलंय.” मग कागदावरून नजर न काढता, “मला असं लिहायला मिळत नाही, अक्का.”

मी म्हटलं, “मिळत नाही असं म्हणू नका. तुम्ही मागितलं नाही.”

ते रागावले नाहीत. कागद घडी करून खिशात घातला आणि गेले. पेपरात काही आलं नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या कुठल्या तरी देशात वर्तमानपत्रांची कशी मुस्कटदाबी होते यावर त्यांचा मोठा लेख आला. मी तो कट्ट्यावर वाचला. पहिल्या ओळीपासून बायका हसायला लागल्या, आणि एकीने तर सुई बोटात टोचून घेतली. लेख चांगला होता. पण त्यांचा लेख आम्ही पूर्वीसारखा पुन्हा कधी ऐकला नाही. वाचायचो, आणि वाचून झाल्यावर कोणीतरी विचारायचंच, आता सांग, मागे कोण आहे?

समारंभाच्या आधी मी आणि यजमान फ्रॉकचं गाठोडं घेऊन शाळेत गेलो. मदर परदेशी, पण दंडूत, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, राहून राहून कन्नड आणि तमिळ अशी मिसळून बोलायची. तिच्या टेबलावर आमचा कागद होता. एका पालकाच्या पुड्यातून आलेला. तिने गाठोडं सोडलं, वरचा नाही, मधला एक फ्रॉक ओढून काढला, आपला रुमाल तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि खिशावरच्या लाल अक्षरांवर घासला. जोरात घासला. रुमाल उलटसुलट करून उजेडाला धरला. पांढराच होता.

मग तिने विचारलं, पेपरात तर वेगळं आलं होतं, ह्यातली छापण्याची गोष्ट पेपरात का नाही? यजमानांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, “त्या कंपनीची जाहिरात पेपरला लागते, मदर. आम्हाला लागत नाही.”

तिने फ्रॉक घडी करून गाठोड्यात ठेवला. नंतर म्हणाली, पालक अजून कुरकुर करतात, तेव्हा जूनचं काम द्यायचं तर एका अटीवर. रंगीत धागा शिवायच्या आधी इथे आणायचा, मी स्वतः भिजवून बघणार, पूजा असो नसो. यजमानांना ते जरा लागलं. त्यांच्या वडिलांपासून त्या शाळेचं काम, आणि आता तपासणी. मला काहीच लागलं नाही. विचारणाऱ्या माणसाचा मला कधीच त्रास झालेला नाही.

“सरी मदर, चालेल,” मी म्हटलं, “पण मग कोणाचाही धागा असला तरी बघायचा. छापलेलं वाचून सोडायचं नाही.”

ती म्हणाली, कोणाचाही. आणि जूनच्या मुलींची मापं कधी घ्यायला येता, असं यजमानांना विचारलं.